सवलतीचा कागद

१२ जानेवारी

ताई,

फोनवर तू "पेशंट आहे गं" म्हणून ठेवून देतेस, म्हणून पत्र लिहितेय. ते तरी घरी नेऊन वाचशील.

सरावशिबिर सुरू होऊन दहा दिवस झाले. रोज सहा तास सायकल, त्यातले चार तास नुसता चढ. मांड्या पिळून दोरीवर वाळत घातल्यासारख्या झाल्यात. एकोणतीस म्हणजे या धंद्यात आजीबाईच. माझा करार या मोसमाअखेर संपतोय आणि मॅनेजर हल्ली माझ्याशी फार गोड बोलतात. ते गोड बोलायला लागले की समजावं, आपलं काही खरं नाही.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. काल आमच्या संघाच्या डॉक्टरांनी आम्हा पाचजणींना बसच्या मागच्या खोलीत बोलावलं. एकेकीला नळीत फुंकायला लावलं. आधी म्हणाले, जोरात फुंका. मग म्हणाले, आता जरा हळू, दमल्यासारखं. हळू फुंकलेले आकडे तेवढे लिहून घेतले आणि म्हणाले, "अभिनंदन! पाचही जणींना दमा आहे." सगळ्या हसल्या. मीही हसले, मला वाटलं थट्टा चाललीय.

थट्टा नव्हती. प्रत्येकीच्या हातात औषध-सवलतीचा अर्ज ठेवला. एरवी बंदी असलेलं औषध आजारी खेळाडूला घ्यायची परवानगी! पण तुला मी काय सांगणार, ती परवानगी देणाऱ्या समितीवरच तू बसतेस. अर्जात स्टेरॉइडच्या गोळ्या लिहिल्यात. डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांत चार किलो उतरतील, ताकद तशीच राहील, दुखणं जाणवणार नाही, आणि सगळं कायद्यात बसून. माझ्या खोलीत राहते ती मुलगी (मान लांब म्हणून तिला आम्ही उंटीण म्हणतो) तिथल्या तिथे सही करून मोकळी झाली. मी म्हटलं, "ताईला विचारून सांगते." डॉक्टरांचा चेहरा असा झाला, जणू मी पोलिसांना विचारून सांगते म्हणाले.

ताई, माझी छाती ठणठणीत आहे. सही करू का? नाही म्हटलं तर हे मला घरी बसवतील. हो म्हटलं तर तुला तोंड कसं दाखवू? लवकर लिही. आईला यातलं काही सांगू नकोस. तिला वाटतं आम्ही केळी खाऊन जिंकतो.

तुझी
भिंगरी


२१ जानेवारी

भिंगरी,

सही करायची नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. बाकीचं तू विचारलं नाहीस तरी लिहिते.

तुझा अर्ज समितीसमोर आला तर मला उठून बाहेर जावं लागेल, आणि मी बाहेर गेले की आतले चौघं माझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसतील. अकरा वर्षं त्या खुर्चीवर मी डाग पडू दिलेला नाही. सवलत असते ती ज्याला श्वास पुरत नाही त्याच्यासाठी. तुला पुरतो.

घरी बसवतील अशी भीती वाटते ना? मग बस. घरी बसलेली माणसंही जगतात. मी एकविसाव्या वर्षी पोहणं सोडलं, तेव्हा मला कोणी सवलत दिली नाही. बाबा म्हणाले, दम लागतोय तर अभ्यास कर. केला.

तुमच्या डॉक्टरांना मी ओळखते. परिषदांना भेटतात. हुशार माणूस आहे. त्यांच्याबद्दल असलं काही पत्रात लिहीत जाऊ नकोस.

आई बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते.

ताई


१८ एप्रिल

ताई,

सही केली नाही. तू म्हणालीस म्हणून नाही, माझं मलाच पटलं नाही म्हणून. असं इथे सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तू म्हणालीस म्हणूनच.

डॉक्टर रागावले नाहीत. उलट पाठीवर थाप मारून म्हणाले, "तत्त्वाची माणसं संघात हवीतच. बाटल्या वाहायला." तेव्हापासून मी बाटल्या वाहते. शर्यत चालू असताना मागे संघाच्या गाडीपाशी जायचं, सात-आठ बाटल्या जर्सीत कोंबायच्या, आणि फुगलेल्या पोटाने पुन्हा पुढे जाऊन बाकीच्यांना वाटायच्या. सगळ्यांना पाणी पाजून झालं की आपण मागे पडायचं.

उंटीण चार किलो उतरली. मान आणखीच लांब दिसते. गेल्या रविवारी डोंगरातली शर्यत तिने जिंकली. शेवटच्या चढावर मी तिला बाटली द्यायला गेले तर बाई गाणं गुणगुणत होत्या. मला जीभ आत घेता येत नव्हती आणि ती गुणगुणत होती. आणि दमा तिला आहे.

बक्षीस घेऊन खोलीवर आली आणि न्हाणीघराचं दार लावून रडली. म्हणाली, "मी जिंकले की गोळी जिंकली, हे आता मला कधीच कळायचं नाही." मी तिचे ओले केस विंचरून दिले.

तिचा मंजुरीचा कागद टेबलावर पडला होता. खाली सही होती. ते लांब शेपूट काढून परत मागे वळवलेलं अक्षर मी अंधारातही ओळखीन. माझं पत्र तुला जानेवारीत मिळालं, कागदावरची तारीख फेब्रुवारीची आहे. माझं काही चुकत असेल तर सांग.

भिंगरी


२ मे

भिंगरी,

चुकत नाही. सही माझी आहे.

अर्जाला चाचणीचे तीन अहवाल होते, तज्ज्ञाचं पत्र होतं, आधीच्या उपचारांची यादी होती. कागद पूर्ण होता. आम्ही कागद तपासतो, खेळाडूच्या छातीला कान लावत नाही. तू मला लिहिलंस ते बहीण म्हणून. ते मी समितीत काय म्हणून नेणार? "माझी धाकटी बहीण त्या बसमध्ये होती, ती म्हणते" असं? लगेच कोणीतरी विचारणार, धाकटी बहीण त्या संघात कोण? आणि मी सांगायचं, बाटल्या वाहते.

आता रागावू नकोस, पण कोणीतरी सांगायला हवं. तू दुसऱ्यांच्या गोळ्यांमुळे मागे पडलेली नाहीस. गेली दोन वर्षं तुझा वेगच कमी झालाय. टीव्हीवर आईलासुद्धा दिसलं. म्हणाली, "हिचं चाक चिखलात रुतल्यासारखं का वाटतंय गं?"

ऑगस्टमध्ये समितीच्या अध्यक्षाची निवड आहे. माझं नाव पुढे आहे. तोवर असल्या गोष्टी लिहू नकोस. हवापाणी लिही.

ताई


९ जुलै

ताई,

हवापाणी: ऊन कडक, वारा समोरून. झालं.

आता माझं. तू म्हणालीस ते खरंच असावं. महिनाभर झाला, सकाळी उठले की भिंत धरावी लागते. जिना चढले की डोळ्यांपुढे अंधारी. जेवणाचं ताट बघूनच पोटात ढवळतं. मीठ मात्र हवंहवंसं वाटतं, इतकं की परवा मीठदाणी तळहातावर उपडी करून चाटली. उंटीण म्हणाली, "बकरी आहेस का गं?" वजन पाच किलो उतरलंय, तेही गोळीविना! मॅनेजर खूश आहेत. रंग असा चढलाय की सगळ्या विचारतात, कुठल्या समुद्रावर जाऊन आलीस? उन्हाने म्हणावं, तर जर्सीखालचं पोटही काळवंडलंय. तळहाताच्या रेषा कोणीतरी पेनाने गिरवल्यासारख्या दिसतात, हिरड्यांवर डाग आलेत.

संघाचे डॉक्टर म्हणतात, तुझं मन लागत नाही, बाकी काही नाही. असेल. तुला काय वाटतं? एकदा रक्त तपासून घेऊ का, की उगाच? पुढच्या महिन्यात आठ दिवसांची मोठी शर्यत आहे आणि शेवटच्या जागेसाठी माझं नाव घेतायत. आजारी म्हणून कळलं तर तेही जायचं.

एरवी मी अशी रडगाणी गाणारी नाही, तुला माहीत आहे.

भिंगरी


१७ जुलै

भिंगरी,

उन्हात सहा तास काढल्यावर माणूस काळं पडतं, घाम गेला की मीठ हवंसं वाटतं. त्यात नवल काही नाही. रक्त तपासण्यांच्या मागे लागू नकोस. तपासलं की नोंद होते, नोंद झाली की दहाजण प्रश्न विचारतात.

जेव. झोप. शर्यत होऊन जाऊ दे, मग बघू.

कामात आहे.

ताई


२६ ऑगस्ट

ताई,

आधी अभिनंदन. आईने फोनवर सांगितलं, अध्यक्ष झालीस.

हे हॉस्पिटलमधून लिहितेय. हाताला सलाईन आहे, म्हणून अक्षर असं. शर्यतीच्या चौथ्या दिवशी माझी शुद्ध गेली. तीही उतारावर! चढावर गेली असती तर निदान लाज राहिली असती. तारेच्या कुंपणात जाऊन अडकले. हनुवटीला अकरा टाके, समोरचा एक दात गेला. रक्तदाब इतका खाली होता की नर्सने यंत्र बिघडलं म्हणून दुसरं आणलं.

हॉस्पिटल लहानसं, आणि ड्युटीवरचा डॉक्टर असा कोवळा की मला वाटलं कोणाला तरी भेटायला आलाय. त्याने माझा तळहात उलटा केला, ओठ वर करून हिरड्या बघितल्या, आणि दहा मिनिटांत म्हणाला, "तुमच्या मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी बंद पडल्यात. माणसाचं शरीर स्वतःपुरतं स्टेरॉइड बनवत असतं, तुमचं बनवत नाहीये." इंजेक्शन दिलं. तासाभरात मी उठून बसले आणि खायला मागितलं. तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली, ताई.

आता जन्मभर दिवसातून तीन वेळा गोळी. चुकली तर पुन्हा अशीच पडेन, आणि पुढच्या खेपेला कोणी वेळेवर उचलेलच असं नाही. गोळी कसली, ओळख पाहू? स्टेरॉइडची. जानेवारीत हात जोडून नको म्हटली, त्याच जातीची. मी इतकी हसले की टाके ताणले.

आता मात्र सवलत मला खरोखरीच लागणार. या डॉक्टरने अर्ज भरून दिलाय. सप्टेंबरअखेरच्या शर्यतीआधी मंजुरी आली तर मॅनेजर करार वाढवतील, तसं त्यांनी तोंडी कबूल केलंय. तुला खोलीबाहेर जावं लागेल, ठाऊक आहे. जा. फक्त आतल्या चौघांना लवकर बसव.

डॉक्टरने विचारलं, "तुमच्या घरात कोणी डॉक्टर नाही का?" मी नाही म्हणाले. का म्हणाले कोण जाणे.

भिंगरी


१४ सप्टेंबर

भिंगरी,

समितीचं पत्र मिळेलच. अर्ज अपुरा म्हणून परत केला आहे. नियमाप्रमाणे मी बाहेर होते.

ग्रंथी कशामुळे बंद पडल्या हे ठरवणारी रक्ताची चाचणी कागदांत नाही. शिवाय तुमच्या संघाच्या डॉक्टरांनी वेगळी चिठ्ठी पाठवली आहे. खेळाडूने परस्पर स्टेरॉइड घेतलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही, असं ते म्हणतात. बाहेरून घेतलेल्या गोळ्या एकदम बंद केल्या तरी ग्रंथी बसतात, हे वैद्यकशास्त्राला धरून आहे. चाचणी करून नव्याने अर्ज कर. पुढची बैठक नोव्हेंबरात.

कोणती चाचणी लागते ते आधी का सांगितलं नाही, असं तू विचारशील. सांगितलं असतं तर ती मदत झाली असती.

नियम तुला औषध घ्यायला मना करत नाही. शर्यतीत उतरायला करतो. गोळी चुकवू नकोस.

ताई


२ नोव्हेंबर

ताई,

अर्ज परत केल्याच्या पत्रावर अध्यक्षांची सही आहे. खोलीबाहेर उभी राहून केलीस का गं? पेन कोणी आणून दिलं?

मी शर्यतीत उतरले. गोळी घेऊन. न घेता उतरले असते तर पुन्हा कुंपणात गेले असते, आणि न उतरता बसले असते तर करार तिथेच संपला असता. मॅनेजरांना सांगून घेतली. ते म्हणाले, "मी काही ऐकलं नाही." वर्षभरात पहिल्यांदा चढ नुसता चढ वाटला. बारावी आले. बारावी, ताई! उंटीण दुसरी. संपल्यावर दोघींनाही लघवीचा नमुना द्यायला बोलावलं, आणि दोघींच्याही नमुन्यात स्टेरॉइड सापडलं. तिच्याकडे तुझ्या सहीचा कागद होता, तिला सोडून दिलं. मला चार वर्षांची बंदी.

पेपरात हनुवटीच्या टाक्यांसकट फोटो आला. ज्या दुकानात मी पहिली सायकल घेतली, तिथल्या काकांनी माझा फोटो भिंतीवरून उतरवला. आजूबाजूची भिंत मळलेली, मधे पांढरा चौकोन. मी समोर उभी असताना ते त्या चौकोनावर कॅलेंडर लावत होते. मी हवा भरून निघाले.

आई माझ्याकडे राहायला आलीय. पेपर आला की तो घडी करून गादीखाली घालते, मला दिसू नये म्हणून.

डिसेंबरात सुनावणी आहे. त्यासाठी मी ग्रंथींच्या तज्ज्ञ बाईंकडे गेले. त्यांनी ती राहिलेली चाचणी केली. आजार खरा, गोळ्यांनी झालेला नाही. पण बाई म्हणाल्या, चाचणीचीही गरज नव्हती. गोळ्या खाऊन ग्रंथी बसल्या तर माणूस काळवंडत नाही. काळवंडतो तो या खऱ्या आजारातच. "तळहात बघितला की तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं."

मी तुला जुलैमध्ये तळहात लिहिला होता. हिरड्या लिहिल्या होत्या. मीठ लिहिलं होतं. तिसऱ्या वर्षी तू विद्यापीठात पहिली आली होतीस.

ताई, तुला कळलं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिही.

भिंगरी


२८ नोव्हेंबर

भिंगरी,

हो.

एवढंच लिहून पाठवणार होते. तीन आठवडे तो कागद टेबलावर पडून राहिला.

जुलैतलं पत्र मी दवाखान्यात वाचलं, घरी नेलं नाही. "मीठ" वाचलं तेव्हाच शंका आली. तळहातापर्यंत आले आणि कागद खाली ठेवला, कारण पुढे हिरड्या येणार हे मला माहीत होतं. लगेच उत्तर लिहिलं: आत्ताच्या आत्ता हॉस्पिटलमध्ये जा. पाकिटात घातलं, पत्ता लिहिला. मग डोकं चालायला लागलं. निदान झालं की गोळी आली, गोळी आली की अर्ज आला, अर्ज आला की सगळ्यांच्या तोंडी माझं नाव. निवडीला पाच आठवडे होते. म्हटलं, तरणीताठी पोर आहे, पाच आठवडे निभावेल. निवड झाली की दुसऱ्या दिवशी फोन करीन. ते पाकीट फाडलं आणि तुला दुसरं पत्र पाठवलं. निवड झाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू कुंपणात होतीस.

सप्टेंबरच्या बैठकीत मी दाराबाहेर बाकावर होते. दार पातळ आहे, सगळं ऐकू येतं. आतून कोणीतरी विचारलं, "मुलगी काळवंडली आहे का? तसं असेल तर प्रश्नच मिटला." त्या पोरसवदा डॉक्टरने अर्जात ते लिहिलं नव्हतं. मला फक्त दार ढकलून "हो" म्हणायचं होतं. मी उठले आणि पाणी प्यायला गेले. परत आले तेव्हा ते तुमच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचत होते. त्या माणसाच्या चार अर्जांवर मी सह्या केल्या आहेत, चारही खोटे हे तुझ्याकडून कळल्यावर.

अजून एक आहे, तेही लिहिते. तू थकतेस, मागे पडतेस, हे वाचून मला बरं वाटायचं. ज्या आठवड्यात माझं पोहणं सुटलं त्याच आठवड्यात बाबांनी तुला सायकल आणली. तू सात वर्षांची होतीस, तुझा काय दोष? पण बरं वाटायचं.

हे वाचून फाडून टाक. माफ करशील का, हे विचारायची माझी लायकी नाही. तरी विचारते.

ताई


२० डिसेंबर

ताई,

फाडलं नाही. सुनावणीत दिलं.

लांब टेबलामागे तिघं बसले होते. मधले वकील होते, त्यांनी पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. अगदी सपाट आवाजात, जसं घरभाड्याचं करारपत्र वाचावं. तू पाणी प्यायला गेलीस तिथे पोचल्यावर थांबले. चष्मा काढला आणि मला म्हणाले, "पुढचं आम्ही मनात वाचलं तर चालेल?" मी म्हटलं, "नाही. मोठ्यानेच वाचा." शेवटपर्यंत वाचलं. सायकलचंसुद्धा. मग विचारलं, "अक्षर तुमच्या बहिणीचंच?" मी हो म्हटलं.

माझी बंदी जानेवारीत संपेल. पण ज्या संघांना मी हवी होते त्यांनी एव्हाना दुसऱ्या मुली घेतल्या. मॅनेजर म्हणाले, निर्दोष आहेस त्याचा आनंदच आहे, पण उतारावर शुद्ध हरपणारी मुलगी मी कुठल्या तोंडाने उतरवू? तुझे ते हुशार डॉक्टर पत्र वाचायच्या आधीच राजीनामा देऊन दुसऱ्या संघात गेलेत. उंटिणीची सवलत रद्द झाली, जिंकलेलं सगळं काढून घेतलं, दोन वर्षं ती घरी. तिने फोन केला होता. रडली नाही. "मी तुझं काय वाईट केलं होतं?" एवढंच म्हणाली. खरंच काही नाही केलं. मी फोन ठेवून दिला. तुझ्यासारखा.

तुला समितीकडून पत्र येईल, मग तुझ्या हॉस्पिटलकडूनही येईल. त्याबद्दल मला कळवू नकोस.

माफीचं विचारलंस. मला आत काही हललेलं जाणवत नाही, आणि हलावं म्हणून मी प्रयत्नही करणार नाही.

आईला अजून माहीत नाही. बंदी कमी झाली एवढंच तिला कळलंय. रोज विचारते, थोरली का येत नाही, अध्यक्ष झाली म्हणून आम्हाला विसरली का? शेजारणीला तुझं कौतुक सांगत असते. मी मधे बोलत नाही. हे तिला तू सांगायचंस, समोर बसून. पत्र पाठवलंस तर मी तिच्या हातात पडू देणार नाही.

रविवारी दुपारी ती घरी असते. मी सायकल घेऊन बाहेर जाईन आणि संध्याकाळपर्यंत येणार नाही. खिडकीपाशी दोन खुर्च्या आहेत. तिच्या डाव्या हाताच्या खुर्चीवर बस. अलीकडे त्या कानाने तिला कमी ऐकू येतं. प्रत्येक वाक्य तुला दोनदा म्हणावं लागेल.

भिंगरी